आयकराची २,४०,००० ची डिमांड हप्त्यांनी भरायची आहे, मदत हवी आहे

सदाफुली

आकारणी वर्ष २०२५-२६ चं रिटर्न आयटीआर-४ मध्ये, कलम ४४एडीए (व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची पद्धत) खाली मुदतीत भरलं आहे. भरताना 'पे लेटर' (कर नंतर भरतो) निवडलं होतं. आता १० नोव्हेंबरला १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासल्यावर येणारी सूचना) आली. कर आणि २३४बी, २३४सी चं (अग्रिम कर कमी किंवा उशिरा भरल्याचं) व्याज मिळून बरोबर २,४०,००० रुपये डिमांड आहे. आकडा तपासला, चूक नाही. एकरकमी भरणं शक्य नाही. महिन्याला साधारण ४० हजार निघू शकतात.

१. हप्ते मिळतात का? अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा?
२. मंजुरी न घेता दर महिन्याला थोडे थोडे भरत गेलं तर काय होतं?
३. व्याज किती लागेल?
४. चलन कुठल्या हेडखाली काढायचं?

---

हिशेबवही

हप्ते मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात आणि वेळेत मागावे लागतात. तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची तारीख १० डिसेंबर. डिमांड मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात, कलम २२०(१). मुदतवाढ किंवा हप्ते देण्याचा अधिकार कलम २२०(३) मध्ये आहे आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की अर्ज ही ३० दिवसांची मुदत संपायच्या आत आला पाहिजे. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. लोक दुसरं पत्र यायची वाट बघतात, दोन-तीन महिन्यांनी कार्यालयात जातात, तोवर कलम २२०(४) नुसार थकबाकीदार ठरलेले असतात. नंतर गेल्यावर अधिकारी ऐकून घेतात, कधी कधी तोंडी सवलतही देतात, पण २२०(३) चा आधार तुमच्या हातून गेलेला असतो.

अर्ज तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे (एओ) करायचा. इंटिमेशन बेंगळुरूच्या सीपीसीकडून (रिटर्न तपासणारं केंद्र) आली असली तरी हप्ते देण्याचा अधिकार कायद्याने एओला दिलाय, सीपीसीच्या हेल्पलाइनवर हे काम होत नाही. आपला एओ कोण हे पोर्टलवर 'माय प्रोफाइल'मध्ये 'ज्युरिसडिक्शनल डिटेल्स'खाली दिसतं. लॉगिन न करता 'नो युवर एओ'मधूनही कळतं, वॉर्ड नंबर आणि कार्यालयाचा ईमेल तिथेच असतो.

हप्त्यांसाठी पोर्टलवर वेगळा फॉर्म नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का घ्या. तोच अर्ज पीडीएफ करून एओच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. शिक्क्याची प्रत जपून ठेवा. पुढे दंडाची नोटीस आलीच, तर अर्ज मुदतीत केला होता याचा पुरावा तीच प्रत असते.

---

तळटीप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मंजुरीशिवाय थोडं थोडं भरायला पोर्टल अडवत नाही. पैसे जमा होतात, डिमांड तेवढी कमी होते आणि व्याजही उरलेल्या रकमेवरच लागतं. व्याजापुरतं बघितलं तर मंजुरी असली काय, नसली काय, फरक शून्य. हप्ते मंजूर झाले तरी २२०(२) चं (डिमांड उशिरा भरण्याचं) व्याज थांबत नाही, कलमातच तसं म्हटलंय.

फरक पडतो तो वसुलीत. मंजूर हप्ते वेळेवर भरताय तोवर तुम्ही थकबाकीदार नाही. मंजुरी नसेल तर १० डिसेंबरनंतर एओ कलम २२६(३) खाली थेट बँकेला नोटीस देऊन खात्यातली रक्कम वळती करून घेऊ शकतो, कलम २२१ खाली दंड लावू शकतो (कमाल मर्यादा थकलेल्या कराइतकी) किंवा प्रकरण टॅक्स रिकव्हरी ऑफिसरकडे सोपवू शकतो. छोट्या डिमांडमध्ये लगेच असं होईलच असं नाही. पण खातं गोठलं तर त्याच खात्यावरचे घरकर्जाचे हप्ते आणि पुरवठादारांचे चेक परत जातात, आणि ते निस्तरायला मूळ करापेक्षा जास्त त्रास होतो. एका अर्जात हे टळत असेल तर टाळावं.

आणखी एक बारीक मुद्दा. तुम्ही 'पे लेटर' केलंय, म्हणजे रिटर्नमध्ये स्वतःच कबूल केलेला कर भरलेला नाही. कलम १४०ए(३) नुसार अशा रकमेपुरतं थकबाकीदार ठरणं आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून अर्जासोबत काहीतरी भरलेलं दिसायलाच हवं, 'आधी मंजुरी द्या, मग भरतो' ही भूमिका इथे कच्ची पडते.

---

उगवतीकडे

जीएसटीत २४ मासिक हप्ते मिळतात. आयकरात तसंच असतं का?

---

तळटीप

नाही. २४ ची मर्यादा सीजीएसटी कायद्याच्या कलम ८० मध्ये आहे, आणि रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेल्या देण्याला तीही सवलत नाही. आयकराच्या २२०(३) मध्ये हप्त्यांची संख्याच दिलेली नाही, ती एओच्या विवेकावर आहे. त्यामुळे जितका कमी काळ मागाल आणि पहिली रक्कम जितकी ठोस असेल, तितकी मंजुरीची शक्यता जास्त. दोन लाख चाळीस हजारांसाठी दोन वर्षं मागू नका. सहा हप्ते ही मागणी पटण्यासारखी आहे.

---

माळरान

२० टक्के भरले की बाकीची वसुली थांबते ना? मग हप्ते कशाला?

---

हिशेबवही

ते वेगळं आहे, इथे लागू होत नाही. २० टक्क्यांचा निकष सीबीडीटीच्या (प्रत्यक्ष कर मंडळाच्या) ३१ जुलै २०१७ च्या ऑफिस मेमोरँडममधला (त्याआधी १५ टक्के होता). तो वादातल्या डिमांडसाठी आहे: तुम्ही आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील केलंय आणि त्याचा निकाल लागेपर्यंत कलम २२०(६) खाली स्थगिती मागताय, तेव्हा. सदाफुली यांना डिमांड मान्य आहे, अपीलच नाही, तर स्थगिती कशाची?

केवळ वेळ काढायला अपील करावं असंही कुणी सुचवेल. करू नका. कलम २४९(४) प्रमाणे रिटर्नमध्ये दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर भरलेला नसेल तर अपील दाखलच करून घेत नाहीत. इथे नेमका तोच कर बाकी आहे.

याउलट हा धागा वाचणाऱ्या ज्यांना डिमांडच चुकीची वाटत असेल (टीडीएस धरला नाही, चलन जुळलं नाही), त्यांनी हप्त्यांच्या वाटेला न जाता २६एएस आणि एआयएस (कापलेल्या कराची आणि उत्पन्नाची विवरणं) समोर ठेवून कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज करावा. पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये एकदा 'डिमांड इज करेक्ट' दाबलं की नंतर असहमती नोंदवता येत नाही, म्हणून ते बटण आकडेमोड झाल्यावरच दाबा.

---

हिशेबवही

आता व्याज, कारण इथे खरे पैसे वाचतात.

दर महिन्याला १ टक्का, महिना किंवा महिन्याचा भाग. म्हणजे एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिन्याचं व्याज. चक्रवाढ नाही. मात्र ते डिमांडच्या संपूर्ण रकमेवर लागतं, त्यात आधीचं २३४बी, २३४सी चं व्याजही आलं. ३० दिवसांची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, तुमच्यासाठी ११ डिसेंबरपासून.

समजा ४०,००० चा पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरला. त्यावर व्याज नाही. उरले २,००,०००. पुढचे पाच हप्ते दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरले तर:

११ डिसेंबर ते १० जानेवारी: २,००,००० वर २,०००
१० फेब्रुवारीपर्यंत: १,६०,००० वर १,६००
१० मार्चपर्यंत: १,२०,००० वर १,२००
१० एप्रिलपर्यंत: ८०,००० वर ८००
१० मेपर्यंत: ४०,००० वर ४००

एकूण ६,०००.

हेच पाच हप्ते दर वेळी १२ तारखेला भरले तर? ११ तारखेला नवा महिना सुरू झालेला असतो आणि त्या दिवशी जुनीच शिल्लक उभी असते. मग पहिल्या महिन्याचे २,०००, दुसऱ्याचेही २,०००, पुढे १,६००, १,२००, ८०० आणि ४००. एकूण ८,०००. दोन दिवसांच्या उशिराचे दोन हजार. म्हणून अर्जातच हप्त्याची तारीख ७ किंवा ८ मागून घ्या.

महिना कसा मोजायचा यावर वाद होतात. नोटिशीच्या तारखेपासून न मोजता कॅलेंडर महिना धरला गेला तर डिसेंबरचे थोडे दिवस आणि जानेवारी असे दोन महिने लागलेले दिसतील. शेवटी व्याजाचा आकडा येईल तेव्हा तो वरच्या तक्त्याशी ताडून बघा आणि फरक असेल तर दुरुस्ती मागा.

---

कोरडवाहू

वरच्या योजनेत एक खड्डा आहे. ४४एडीए खाली असणाऱ्यांना चालू वर्षाचा सगळा अग्रिम कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. १० मार्चला हप्त्याचे ४०,००० आणि लगेच १५ तारखेला अग्रिम कर, हे एकत्र झेपेल का? नाही झेपलं तर दोनच वाटा उरतात: हप्ता चुकवायचा, नाहीतर अग्रिम कर बुडवून पुढच्या वर्षी पुन्हा अशीच डिमांड ओढवून घ्यायची. हप्ते मागणारे बरेच जण वर्षानुवर्षं याच चक्रात राहतात, कारण योजना फक्त जुन्या करापुरती बघितलेली असते.

हप्ते सारखेच असावेत असा नियम नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जास्त भरता येत असेल तर असं मांडा:

डिसेंबर ४०,०००, जानेवारी ६०,०००, फेब्रुवारी ६०,०००, मार्च १०,०००, एप्रिल ३५,०००, मे ३५,०००.

बेरीज २,४०,००० च होते. व्याज २,००० + १,४०० + ८०० + ७०० + ३५० = ५,२५०, म्हणजे सारख्या हप्त्यांपेक्षा ७५० ने कमी, आणि मार्चमध्ये अग्रिम कराला जागा राहते. अर्जातही एक ओळ लिहा की मार्चचा हप्ता अग्रिम करामुळे लहान ठेवलाय. चालू वर्षाचा कर वेळेवर भरण्याचा विचार केलाय हे अधिकाऱ्याला दिसलं की अर्जाचं वजन वाढतं.

जानेवारी-फेब्रुवारीत तेवढं निघणार नसेल तर मात्र कागदावर मोठे आकडे लिहू नका. २२०(५) फार कडक आहे: मंजूर हप्त्यांपैकी एक जरी वेळेत चुकला, तरी उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय झाली असं धरलं जातं आणि तुम्ही पूर्ण बाकीसाठी थकबाकीदार ठरता.

---

सदाफुली

सगळ्यांचे आभार. जानेवारीत ६० जमतील, फेब्रुवारीत ५० पर्यंत. उरलेले १० एप्रिल-मे मध्ये विभागते. अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि चलनाचं राहिलं.

---

तळटीप

अर्ज एका पानात बसवा. इंग्रजी किंवा हिंदीत द्या. मुद्दे कळावेत म्हणून मराठीत देतो:

"विषय: आयकर कायदा, १९६१ कलम २२०(३) अन्वये डिमांड हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळणेबाबत. पॅन …, आकारणी वर्ष २०२५-२६, इंटिमेशनचा डीआयएन (दस्त क्रमांक) …, डिमांड रेफरन्स नंबर …

वरील इंटिमेशन मला १० नोव्हेंबर रोजी ईमेलने मिळाली. रु. २,४०,००० ची डिमांड मला मान्य आहे. कलम २२०(१) ची मुदत १० डिसेंबर रोजी संपते, हा अर्ज त्यापूर्वी सादर करत आहे. पहिला हप्ता रु. ४०,००० दिनांक … रोजी भरला असून चलनाची प्रत जोडली आहे. उर्वरित रक्कम खालील तारखांना भरण्याची परवानगी द्यावी. कलम २२०(२) चे व्याज भरण्यास मी बांधील आहे. या काळात वसुलीची कारवाई करू नये ही विनंती."

त्याखाली तारखा आणि रकमांचा तक्ता. सोबत सगळ्या खात्यांचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, मालमत्ता आणि कर्जांची एक पानी यादी, येणी बाकी असतील तर ग्राहकांच्या बिलांच्या प्रती. 'आर्थिक अडचण आहे' एवढंच लिहिलेला अर्ज पटत नाही. कुठल्या ग्राहकाकडून किती येणं आहे आणि कधी येणार, हे दाखवलं की तुमच्या तारखांना आधार मिळतो. आणि यादीत मुदत ठेव दिसली तर 'ती का मोडत नाही' हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा.

त्यावरूनच सांगतो: मुदत ठेव असेल तर आधी तिच्यावर ओव्हरड्राफ्टचा दर विचारा. तो सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. आयकराचं व्याज वर्षाला १२ टक्के पडतं आणि व्यवसायाच्या खर्चात धरता येत नाही. ओव्हरड्राफ्ट स्वस्त पडला तर डिमांड १० डिसेंबरच्या आत पूर्ण भरून मोकळं व्हा, एओकडे जायची गरजच नाही. विनातारण वैयक्तिक कर्ज मात्र १२ च्या वर जात असेल तर त्याच्या फंदात पडू नका.

---

हिशेबवही

चलन. 'ई-पे टॅक्स'मध्ये 'डिमांड पेमेंट अ‍ॅज रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)' ही चौकट निवडा. तिथे डिमांड रेफरन्स नंबर समोर येतो, तोच निवडायचा आणि रक्कम फक्त त्या हप्त्याची घालायची. मेजर हेड ००२१, मायनर हेड ४००.

तीन चुका नेहमी होतात. पहिली, सवयीने ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट निवडणं. इंटिमेशन आल्यानंतर ३०० खाली भरलेले पैसे सरकारकडे जमा असतात पण डिमांड तशीच उभी राहते. दुसरी, आकारणी वर्ष. २०२४-२५ मध्ये कमावलेल्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष २०२५-२६, यात गल्लत झाली की पैसे भलत्याच वर्षात जातात. तिसरी, चलन तयार करून ठेवणं आणि पैसे नंतर भरणं. सीआरएन (तयार चलनाचा क्रमांक) १५ दिवस चालतो म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण हप्ता भरला जातो तो पैसे गेल्याच्या तारखेला.

चूक झालीच तर पोर्टलवर 'चलन करेक्शन' आहे. आकारणी वर्ष ७ दिवसांत, मेजर किंवा मायनर हेड ३० दिवसांत बदलता येतं. त्यानंतर एओकडे अर्ज करावा लागतो. म्हणून प्रत्येक हप्त्यानंतर दोन-चार दिवसांनी 'आउटस्टँडिंग डिमांड'चं पान उघडून शिल्लक कमी झाली का ते बघा.

नेटबँकिंगने भरा, सीआयएन (पैसे भरल्याचा क्रमांक) असलेली पावती लगेच मिळते. क्रेडिट कार्डावर वरचं शुल्क लागतं.

---

उगवतीकडे

एओकडून उत्तरच आलं नाही तर?

---

तळटीप

उत्तर येवो न येवो, प्रस्तावित तारखांना भरत राहा. दर हप्त्यानंतर चलनाची प्रत आधीच्या अर्जाचा संदर्भ देऊन ईमेल करा. दोन-तीन आठवड्यांत काही कळलं नाही तर पुन्हा जाऊन लेखी आदेश मागा. तोंडी 'भरत राहा' म्हणजे मंजुरी नव्हे, अधिकाऱ्याची बदली झाली की ते शब्द कुठेही नोंदलेले नसतात. लेखी आदेश मिळाला की त्यातल्या अटी नीट वाचा, तारखा तुम्ही मागितलेल्यापेक्षा वेगळ्या असू शकतात.

या काळात कुठल्या दुसऱ्या वर्षाचा परतावा निघाला तर तो कलम २४५ खाली डिमांडमध्ये वळता होऊ शकतो, आधी तशी सूचना येते. त्याला हप्ता भरला असं धरू नका. ठरलेला हप्ता तारखेला भरायचाच.

कलमं सगळी १९६१ च्या कायद्याची दिली आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत. तुमच्या नोटिशीवर जे छापलंय तेच पत्रव्यवहारात वापरा.

---

कोरडवाहू

शेवटच्या हप्त्याचं राहिलं. २,४०,००० पूर्ण झाले की डिमांड शून्य दिसेल, पण २२०(२) चं व्याज वेगळं काढलं जातं आणि पुष्कळदा काही काळाने स्वतंत्र आकडा म्हणून उगवतं. ते पाच-सहा हजार बाजूला काढून ठेवा, आणि आकडा आला की पुन्हा त्याच ३० दिवसांच्या मुदतीत भरा. आजारपण किंवा तशाच हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर २२०(२ए) खाली व्याजमाफी मागता येते. तीन अटी आहेत आणि तिन्ही पूर्ण व्हाव्या लागतात: व्याज भरल्याने खरोखर हाल होणार असतील, उशिराचं कारण तुमच्या हातात नव्हतं, आणि चौकशीत सहकार्य केलंय. ४ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाखांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त पातळीवर होतो. पाच हजारांसाठी हा खटाटोप परवडत नाही. पण जुन्या डिमांडवर चार-पाच वर्षांचं व्याज साचलंय अशांनी तो अर्ज जरूर करावा.